मानेपर्यंत माती

टोमॅटोकाकांना टोमॅटोकाका का म्हणतात, हे वस्तीत नव्याने राहायला आलेल्या माणसालाही आठवड्याभरात कळायचं. काकांशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करा नाहीतर गुडघेदुखीच्या, दोन मिनिटांत गाडी टोमॅटोवर यायचीच. कुणाच्या खिडकीतली कुंडी दिसली तरी ते थांबत, वाकून बघत आणि म्हणत, "किती वर लावलंय हे! मानेपर्यंत पुरायला हवं होतं." टोमॅटोचं खोड जेवढं मातीत जाईल तेवढ्याला मुळं फुटतात आणि जितकी मुळं तितकं फळ, हे त्यांचं शास्त्र. वस्तीच्या कडेला असलेल्या आपल्या छोट्या मळ्यात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि चाळीस वर्षं ते बरोबर ठरलं. इतकी वर्षं बरोबर ठरलेल्या माणसाला 'जरा सांभाळून' म्हणायला कुणी जात नाही, हीच तर पंचाईत असते.

गेली तीन वर्षं मात्र मळ्याने दगा दिला होता. झाडं जोमात वाढायची, फुलं यायची, पहिली फळं लिंबाएवढी झाली की भर दुपारी एखादं झाड मान टाकायचं. संध्याकाळी पुन्हा सावरायचं. तिसऱ्या दिवशी मान टाकली की टाकलीच, आणि पानं बघावीत तर हिरवीगार. मर रोग मातीतच मुरला होता. काकांनी राख टाकून पाहिली, चुना टाकून पाहिला, शिव्या घालून पाहिल्या. मळा ढिम्म.

तोडगा काढला तो सुनेने. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे मळा सासऱ्या-सुनेचाच होता. सून शेती केंद्रात आठ दिवसांचा वर्ग करून आली आणि घरात रोपांचे ट्रे मांडून बसली. रानवांग्याला हा रोग शिवत नाही, तेव्हा खालचा भाग रानवांग्याचा घ्यायचा. त्याला म्हणायचं खुंट. त्याचं कोवळं खोड ब्लेडने तिरकं कापायचं, तेवढ्याच जाडीचा टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापून वर बसवायचा, जोडाला बारीकसा चिमटा लावायचा आणि रोप आठवडाभर अंधाऱ्या, ओलसर पेटीत ठेवायचं. जोड धरला की मुळं वांग्याची आणि फळं टोमॅटोची.

"म्हणजे घरजावईच की," काका म्हणाले.

"असू दे घरजावई. जगला म्हणजे झालं," सून म्हणाली.

एकटीच्याने सहाशे कलमं होईनात म्हणून तिने कोपऱ्यावरच्या टेलरताईंना बोलावलं. ताई पन्नाशीच्या. तयार कपड्यांच्या जमान्यात त्यांच्या मशीनला आता काम उरलं होतं ते विजारी आखूड करण्याचं आणि चेन बदलण्याचं. पण हात असा, की काडीएवढं खोड चिमटीत धरून एका झटक्यात काप घ्यायच्या; खालचा काप आणि वरचा काप एकमेकांवर असे बसायचे, की जोड बोटाने चाचपून शोधावा लागायचा. चार दुपारी गेल्या आणि शिकवणारी मागे पडली. बारा ओळींची कलमं झाली, त्यातल्या सात ओळी ताईंच्या. त्या मळ्याच्या टोकाकडे लागल्या, आणि सुनेच्या पाच दाराकडे.

लावणी सुनेने स्वतः केली. एकेक रोप बोटांनी मोजून बसवलं, भोवती काडाचं आच्छादन पसरलं आणि कंबरेवर हात ठेवून सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, एकच गोष्ट. हा जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. टोमॅटोच्या खोडाला माती लागली तर त्याला स्वतःची मुळं फुटतील आणि रोग तिथून आत शिरेल. मग कलम केलं काय आणि न केलं काय, सारखंच."

काकांनी मान हलवली. दोन दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं, काकांनी पुन्हा मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यात किती अंतर असतं, हे त्या पोरीला कुठून कळणार?

मग तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती चार दिवसांसाठी माहेरी गेली. पहिल्या दिवशी काका मळ्यात नुसते फिरले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. शेलाटी रोपं त्या चार बोटं उघड्या खोडावर अशी डुलायला लागली, की काकांना बघवेना. आठ दिवसांच्या वर्गात काय शिकवतात, वाऱ्यात रोपाने कसं उभं राहायचं ते शिकवतात का? त्यांनी खुरपं घेतलं. काड बाजूला सारलं, दोन्ही बाजूंनी माती ओढली, प्रत्येक रोपाला मानेपर्यंत भर दिली आणि काड पुन्हा होतं तसं पसरून टाकलं. सुरुवात केली ती मळ्याच्या टोकाकडून, कारण दाराकडचं रस्त्यावरून दिसतं. चांगलंच काम करतोय तर लपून कशाला करतोय, असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आठ ओळी झाल्या आणि कंबरेने हात टेकले. उरलेल्या चार ओळी राहून गेल्या.

सून परत आली तेव्हा काड जागच्या जागी होतं. काकांनी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं: टोपल्या भरायला लागल्या, की एके दिवशी ते काड उचलून दाखवायचं आणि म्हणायचं, बघ पोरी, म्हाताऱ्याचं ऐकलं असतंस तर बाराच्या बारा अशा झाल्या असत्या.

आणि झालंही तसंच. तीन आठवड्यांत त्या आठ ओळी दुसऱ्या चारांपेक्षा वीतभर वर गेल्या. पानं काळीभोर, खोडं अंगठ्याएवढी. सून हरखून गेली, पण तिने त्याचं कारण भलतंच काढलं. "ताईंचा हात बघा, बाबा!" ती म्हणाली. "माझ्या ओळी त्यांच्यापुढे अगदी मरतुकड्या वाटतात." तिने ताईंना मळ्यात बोलावून आणलं. ताई ओळीओळीतून फिरल्या, पदराने चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माझ्या हातातलं काम संपलं."

बघता बघता ही गोष्ट चारचौघींत गेली. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या मळेवाल्यांसाठीही रोपं करायची, त्यासाठी पाच बायका घ्यायच्या आणि त्यांना शिकवायला टेलरताई, असं ठरून गेलं. ताईंनी दुकानाच्या दारावर 'दुपारी बंद' अशी पाटीसुद्धा लिहून ठेवली. काका मिशीतल्या मिशीत हसत होते. श्रेय दुसऱ्याला जात होतं, त्याचा थोडा जळफळाट होता. पण म्हणाले, जाऊ दे, वेळ आली की सांगू.

वेळ आली ती दुपारी एक वाजता. टोकाच्या ओळीतल्या तिसऱ्या झाडाने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी अकरा झाडं, चौथ्या दिवशी मोजायला नको इतकी. सुनेने एका झाडाचं खोड कापून काचेच्या पेल्यात पाण्यात धरलं. कापातून दुधासारखा पांढरा धागा हळूहळू खाली उतरायला लागला. रोगाची ती खूण काकाही ओळखत होते. तिने पेला काकांच्या हातात दिला आणि केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे साहेबांचा शब्द न् शब्द काकांना ऐकू येत होता.

"जोडाला माती लागली होती का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. लावणी मी स्वतः केलीय. चार बोटं वर."

बोलायचं होतं ते इथेच. काकांच्या तोंडात शब्द आलाही होता. पण सुनेचा चेहरा इतका उतरला होता, की काकांनी स्वतःची समजूत घातली: आत्ता नको, संध्याकाळी सांगू. भित्र्या माणसाला संध्याकाळ फार सोयीची असते.

"मग ट्रे बदलले असतील," साहेब म्हणाले. "कलम करणाऱ्याने गडबडीत टोमॅटोवरच टोमॅटो बसवला असेल. रोपं उपटून मुळं बघा. वांग्याची आहेत की टोमॅटोची, ते कळेल."

"मी उपटतो," काका चटकन म्हणाले. "तू नको बघूस पोरी, तुला त्रास होईल."

सुनेला खरंच बघवत नव्हतं. ती दाराकडच्या ओळींना पाणी द्यायला गेली आणि काका टोकाकडे. त्यांनी पहिलं झाड उपटलं. खाली वांग्याची मुळं, चिवट आणि निरोगी. मध्ये ताईंनी केलेला जोड, अगदी पक्का, दोन्ही हातांनी ओढला तरी सुटेना. आणि जोडाच्या वर, जिथे काकांनी माती लावली होती तिथे, टोमॅटोची दाट मुळं, तपकिरी पडून सडलेली. चाळीस वर्षांत मुळं बघून आनंद झाला नाही असं काकांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. दुसरं झाड उपटलं, तेच. दहावं, तेच. हे हात आपले नव्हेतच, असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी सगळ्या झाडांचा ढीग केला आणि पेटवून दिला.

धूर निवळला तेव्हा सून आली. "बाबा, मुळं कुणाची होती?"

"टोमॅटोची," काका म्हणाले.

शब्द खोटा नव्हता. टोमॅटोची होतीच. पण शब्द खरा ठेवून माणसाला किती खोटं बोलता येतं, हे काकांना साठी उलटून गेल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा तो शब्द तोंडातून निघून गेला होता. चाळीस वर्षांच्या डोळ्यांवर सुनेने शंका घेतली नाही. बारापैकी आठ ओळी गेल्या, त्यांतली एक तिची स्वतःची होती. पण ती शेजारच्या संगतीने गेली, अशी तिने मनाची समजूत घातली. माणसाला एकदा कारण सापडलं, की उरलेलं त्यात कोंबून बसवतो.

ती ताईंशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, ताईंना चार शब्द बोलता तरी आले असते. चार गिऱ्हाइकं बसलेली असताना ती दुकानात गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, ट्रे बदलले गेले असावेत. पुढच्या हंगामाचं मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते. मी दिलेली ब्लेडची पेटी तेवढी द्या." ताईंनी पेटी दिली. बाकीच्या बायकांना काय ते समजलं. त्यासाठी दवंडी पिटावी लागत नाही. 'दुपारी बंद'ची पाटी उतरली.

काका त्या दिवसापासून कोपऱ्यावरून जायचे बंद झाले. कोपरा टाळून मागच्या गल्लीने दुप्पट वळसा घ्यायचे. वाटेत कुंड्या लागायच्या, पण कुणाच्या कुंडीपाशी थांबायचे नाहीत. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने नुकसान मनाला लावून घेतलं. शेजारीण तर म्हणाली, "काका, तुमच्यासारखा सासरा मिळायला नशीब लागतं. एवढी झाडं एकट्याने उपटलीत." काकांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर विचारतील, इतके दिवस काय केलंत? एकेका दिवसाने गुन्हा मोठा होत होता आणि ते मूग गिळून बसले होते.

असे पंधरा दिवस गेले आणि एका दुपारी टेलरताई घरी आल्या. सून बाजारात गेली होती. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. पळायला वाट नव्हती.

"काका, तुमच्याशीच बोलायचं होतं," ताई म्हणाल्या. त्या उभ्याच राहिल्या. "मी खूप आठवून बघितलं. ट्रे बदलल्याचं मला आठवत नाही. रानवांग्याच्या खोडाला लव असते, बोटाला खरखर लागते; ती लागल्याचंच आठवतंय. पण तुम्ही स्वतः मुळं बघितलीत म्हटल्यावर काय बोलणार? तुमची नजर चुकायची नाही. माझ्याच हातून झालं असणार." त्यांनी दोन्ही हात पुढे करून पाहिले, जणू कुणा दुसऱ्याचेच होते. "परवा एक महागाचा कोट आला होता बाह्या कमी करायला. मी परत पाठवला. कात्री चालवायचा धीर होईना. माफी मागायला आलेय."

आता यावर काय करायला हवं होतं, ते शेंबडं पोरही सांगेल. काकांनी काय केलं?

"असू द्या, ताई," काका म्हणाले. "चुका माणसाकडूनच होतात."

त्यांनी ताईंना क्षमा केली! चोराने सावाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. ताईंचे डोळे भरून आले, "तुम्ही मोठ्या मनाचे," असं म्हणून त्या निघून गेल्या, आणि काका त्या खुर्चीतच बसून राहिले. आयुष्यात ते थोडंफार खोटं बोलले होते, पण वजनात कधी बोट घातलं नव्हतं, कुणाला लुबाडलं नव्हतं. इतकी लाज त्यांना स्वतःची कधी वाटली नव्हती. आपलाच आवाज कानात घुमत होता, तो मऊ, समजूतदार, मोठ्या माणसाचा आवाज, आणि तोच सगळ्यात किळसवाणा वाटत होता.

सून पिशव्या घेऊन आली. तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"मी माती लावली होती," काका म्हणाले.

"कशाला?"

"त्या आठ ओळींना. तू माहेरी गेलीस तेव्हा. मानेपर्यंत. वर काड पसरलं होतं. मुळं दोन्ही होती. खाली वांग्याची, वर टोमॅटोची. तू विचारलंस तेव्हा मी अर्धंच सांगितलं. ताईंचे जोड पक्के होते, सूनबाई. एकही चुकला नव्हता."

पिशवीतले कांदे जमिनीवर घरंगळत गेले. तिने ते उचलले नाहीत. काकांना वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली तर बरं, असंही वाटलं होतं. सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल, अशी त्यांची साधी आशा होती. ओझं उतरलंही, पण ते गेलं कुठे ते समोरच दिसलं. सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी पेटी मागून आणली त्यांच्याकडून," ती म्हणाली. "चार गिऱ्हाइकांसमोर. बाबा, आता मी कोणत्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे?"

"तू कशाला जातेस? मीच जातो."

"तुम्ही तर जालच. पण शब्द माझ्या तोंडचे होते."

दोघं निघाली. पंधरा दिवसांत काका पहिल्यांदा कोपऱ्याच्या वाटेने चालले. दुकानात ताई मशीनवर होत्या, आणि दोन बायका कपडे घेऊन बसल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबावं, असा विचार काकांच्या मनात आला. जुन्या सवयीचाच तो. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. चार गिऱ्हाइकांसमोर, ती म्हणाली होती.

"ताई," काका दारातूनच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दुपारी तुम्ही माझी माफी मागितलीत. ती परत द्यायला आलोय. तुमच्या हातून काही झालं नव्हतं. रोपं मी मारली, जोडांना माती लावून. आणि लपवलं. मुळं बघून तुमच्यावर ढकललं तेही मीच."

मशीन थांबलं. बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "ताई, मी तुम्हाला न विचारता..." सून बोलायला लागली.

ताईंनी मशीनखालचं कापड फिरवलं, उरलेली टीप शेवटपर्यंत मारली, दोरा तोडला, आणि तोवर सासरा आणि सून रस्त्यावर उभी राहिली, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी. मग ताईंनी चष्मा काढला.

"पंधरा दिवस, काका," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस मी माझ्याच हातांना घाबरत होते."

काकांनी हात जोडले, पण वर बघवलं नाही.

"कलमं करायला मी येईन," ताई सुनेला म्हणाल्या. "पाच जणींना शिकवायलाही येईन. पेटी मात्र तू इथे आणून द्यायची, घेऊन गेलीस तशीच, दुकान भरलेलं असताना."

"आणते," सून म्हणाली.

"आणि माझी रोपं मळ्यात लागली, की यांनी बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. पाणी द्यायला नाही, तण काढायला नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

काकांनी सुनेकडे पाहिलं. मळा त्यांचा होता, चाळीस वर्षांचा. 'अहो ताई, असं कसं, घरातलं मोठं माणूस,' असं काहीतरी ती म्हणेल याची त्यांनी वाट पाहिली. सुनेने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "मी बघते."

ताईंनी पुढचा कपडा मशीनवर घेतला. बोलणं संपलं होतं. सून वळली. काका मात्र दारातच घुटमळले, घसा खाकरला आणि शाळकरी पोराने विचारावं तसं विचारलं, "ताई, बांधावर उभं राहून नुसतं बघितलं तर चालेल का?"

ताईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "बघा की," त्या म्हणाल्या. "हात मागे बांधून."